घरांतील ओल आणि बुरशी

भाद्रपद लागला, कीं आमच्या भागांत महालक्ष्म्यांची तयारी सुरू होते आणि त्याबरोबर घरोघर भिंतींकडे लक्ष जातें. ज्या कोपऱ्यांत महालक्ष्म्या उभ्या करावयाच्या, नेमके त्याच कोपऱ्यांत आषाढ-श्रावणाच्या पावसानें काळसर हिरवट डाग उमटलेले असतात. मग रंगारी बोलावला जातो. तो रंगाचे दोन हात मारून जातो, घर चार दिवस लखलखतें, हळदीकुंकवास आलेल्या सवाष्णी वाखाणणी करतात. आणि दत्तजयंतीच्या सुमारास तोच डाग, त्याच जागीं, थोडा अधिक रुंद होऊन पुन्हां दिसूं लागतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गांवांतून हा प्रकार आम्हीं इतक्या घरीं पाहिला आहे, कीं त्यांत नवल असें कांहीं उरलें नाहीं. एका भगिनीनें पत्र लिहून विचारलें आहे, कीं डाग कायमचा जाईल असा एखादा चांगला रंग सुचवाल काय? त्यांस आमचें उत्तर एवढेंच, कीं असा रंग नाहीं. बुरशी म्हणजे भिंतींत पाणी आहे याची साक्ष. साक्षीदाराच्या तोंडांत रंगाचा बोळा कोंबल्यानें खटला मिटत नाहीं.

बुरशी ही दिसावयास वनस्पतीसारखी, पण वनस्पतीहून निराळी अशी सजीव जात आहे. सूर्यप्रकाशावर स्वतःचें अन्न करण्याची शक्ति तिला नाहीं. म्हणून ती तयार पदार्थांवर पोसते. तिचीं बीजें, ज्यांस शास्त्रज्ञ बीजाणू म्हणतात, डोळ्यांस न दिसण्याइतकीं बारीक असून तीं सर्व हवेंत सदासर्वकाळ तरंगत असतात. त्यांस घराबाहेर ठेवूं म्हणणें व्यर्थ आहे. त्यांस खावयासही फार लागत नाहीं: रंगांतील खळ, पुस्तकाची बांधणी, लाकूड, चामडें, सुती कापड, किंबहुना भिंतीवर बसलेली धूळसुद्धां पुरते. ऊब आपल्या देशांत बारा महिने आहेच. उरलें पाणी, आणि तेवढेंच काय तें आपल्या हातांतलें. खोलींतील हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या आंत राहिली, तर बुरशीस भिंतीवर पाय रोवणें कठीण जातें. आणि भिजलेली वस्तु २४ ते ४८ तासांच्या आंत कोरडी केली, तर तिला बहुधा बुरशी धरत नाहीं. हे दोन आंकडे गृहिणींनीं ध्यानांत ठेवावे. आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र आतां फार महाग राहिलेलें नाहीं. ज्या घरीं कोणास दमा आहे, तेथें तें भिंतीवरील घड्याळाशेजारीं असावें.

आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा निघाला, परंतु घरांची जात दोन्हीकडे एकच. जुनीं घरें माळवदाचीं. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, वर पाला व मातीचा जाड थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा हात. मृगापूर्वीं दरसाल माळवदावर नवी पांढरी माती पसरावयाची आणि पन्हळी मोकळ्या करावयाच्या, हा कर्त्या पुरुषाचा नेमच असे. भिंती जाड, आंतून सारवलेल्या किंवा चुन्याचा हात दिलेल्या. अशी भिंत पाणी पिते, पण ऊन पडतांच तें सोडूनही देते. हीं घरें निर्दोष होतीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, त्यांत दगडमातीच्या जड भिंती अंगावर कोसळून हजारों माणसें झोपेंतच गेलीं. त्यानंतर मराठवाड्यांत ज्यास परवडलें त्यानें सिमेंटचा स्लॅब घातला, आणि तें योग्यच झालें.

परंतु माळवदाबरोबर मृगापूर्वीं वर चढून पाहण्याचा नेमही गेला. स्लॅब कायमचा, त्याकडे पाहावें लागत नाहीं, अशी समजूत होऊन बसली. वस्तुतः वैशाखांत दिवसा तापून रात्रीं निवणाऱ्या स्लॅबला बारीक भेगा पडतातच. त्यांत आमच्या जिल्ह्यांत जमीनही स्वस्थ नाहीं. सन २०२४ मध्यें २१ मार्च रोजीं आणि पुन्हां १० जुलै रोजीं ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा धक्क्यानें घर पडत नाहीं. परंतु कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यांत केसाएवढी चीर पडावयास तो पुरेसा होतो. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अतिवृष्टि झाली. केसाएवढ्या चिरेंतून दोन दिवसांत किती पाणी आंत येतें, हें मग घरोघरच्या छतांनीं दाखविलें.

म्हणून डाग दिसला, कीं रंगाऱ्याच्या आधीं पाण्याचा शोध घ्यावा. डाग छतावर किंवा छताच्या सांध्याशीं असेल, तर गच्चीवर जाऊन पाहावें. पाणी जाण्याच्या भोकांत पालापाचोळा अडकलेला, टाकी भरून रोज घटकाभर वाहणारी, कठड्याच्या मुळाशीं चीर आणि त्या चिरेंत पिंपळाचें रोप, यांपैकीं एखादा गुन्हेगार बहुधा तेथें सांपडतो. पिंपळ उपटावयास कित्येक घरीं कोणी धजत नाहीं. आमचें मत असें, कीं तो चार पानांचा असतांच मुळासकट काढून नदीकाठीं लावावा. घर वांचतें आणि वृक्षारोपणाचें पुण्यही पदरीं पडतें. डाग भिंतीच्या मध्यावर एकाच ठिकाणीं असेल, तर पलीकडे मोरी किंवा नळ आहे काय तें पाहावें. भिंतींत पुरलेल्या नळीचा सांधा सुटला, तर वर्षानुवर्षें कोणास पत्ता लागत नाहीं.

जमिनीलगत हात-दीड हात उंचीपर्यंत सर्वत्र ओल असेल, तर ती खालून चढत आहे. वातींत तेल चढावें तसें विटेंत पाणी चढतें. याचें एक कारण अलीकडे गांवोगांव वाढलें आहे. सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हां सिमेंटचा रस्ता होतो, रस्ता दर वेळीं वीतभर उंच होतो, आणि ज्या घरास चार पायऱ्या चढून जावें लागे तें घर दोन पायऱ्या उतरून गांठावें लागतें. जोतें एकदां जमिनींत बुडालें, कीं गल्लींतील सर्व पाणी भिंतीच्या पायाशीं मुक्कामास येतें. अशा वेळीं आंतून सिमेंटचा जाड गिलावा करण्याचा सल्ला गवंडी देतात. तो मानूं नये. बाहेर पडावयास वाट न मिळाल्यामुळें ओल त्या गिलाव्याच्या वरपर्यंत चढते, आणि हातभर असलेला डाग कमरेपर्यंत जातो. बाहेरची माती उकरून जोतें मोकळें करावें, पाण्यास घरापासून दूर उतार द्यावा, गटार दुरुस्त करावें. काम कष्टाचें आहे, पण मुळावरचें आहे.

या ठिकाणीं दोन साध्या परीक्षा सांगून ठेवतों. भिंतीवर पांढरें पीठ फुटलेलें दिसलें तर ती बुरशीच असेल असें नाहीं; तो लोणा असूं शकतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. लोणा क्षार असल्यामुळें विरघळतो; बुरशी विरघळत नाहीं. दुसरी परीक्षा ओल आंतली कीं बाहेरची हें ठरविण्याची. पोळ्या गुंडाळावयाचा चंदेरी कागद वीतभर घेऊन भिंतीस चारी कडांनीं चिकटवावा आणि दोन दिवसांनीं पाहावा. कागदाच्या खोलीकडील अंगास दंव आलें तर पाणी हवेंतलें आहे. भिंतीकडील अंगास आलें तर भिंतींतलें. शाळेंतील मुलांकडून हा प्रयोग करवावा. त्यांस गंमत वाटते आणि वडील माणसांचा वादही मिटतो.

हवेंतलें पाणी म्हणजे आपणच केलेलें पाणी. दहा-बारा माणसांचें कुटुंब, दोन वेळचा स्वयंपाक, ऊन पाण्याचीं स्नानें, पावसाळ्यांत माजघरांत दोरीवर टांगलेले धोतर-लुगड्यांचे ओले पिळे. ही सर्व वाफ थंड भिंतीस लागून तिचें पाणी होतें, आणि तें विशेषेंकरून जेथें वारा खेळत नाहीं तेथें: कपाटामागें, गाद्यांच्या ढिगामागें, धान्याच्या पोत्यांच्या थप्पीमागें. आमच्याकडे सोयाबीन आणि हळद यांचीं पोतीं भाव येईपर्यंत घरांतच रचण्याची चाल आहे. तीं भिंतीस भिडवूं नयेत. खालीं फळ्या आणि मागें निदान वीतभर जागा ठेवावी. कपाटासही चार बोटें मोकळीं सोडावीं. उन्हाळ्यांतील कूलर हा तर आमच्या भागांतील नवा दोषी आहे. दारें-खिडक्या लावून कूलर चालविला, कीं खोली निवत नाहीं, नुसती दमट होते, आणि भर वैशाखांत पेटीच्या भात्यावर व तंबोऱ्याच्या गवसणीवर बुरा येतो. कूलरसमोरची खिडकी उघडी पाहिजे. आलेल्या हवेस जावयास वाट हवी.

आतां ज्या गोष्टीकरितां हें सर्व लिहावयास घेतलें, ती. एकत्र कुटुंबांत ओली खोली कोणाच्या वांट्यास येते? कर्त्या पुरुषाच्या येत नाहीं. ती मागची, न्हाणीला लागून असलेली, उन्हाचें तोंड न पाहणारी खोली म्हाताऱ्या आत्याबाईस मिळते, शिकावयास ठेवलेल्या पुतण्यास मिळते, किंवा बाळंतिणीस मिळते. बाळंतिणीच्या बाबतींत तर तें मुद्दाम केलें जातें. खिडकीच्या फटींत बोळे, दारास जाड पडदा, कोपऱ्यांत शेगडी, तिन्हीसांजेस धुरी. वारा लागूं नये हा हेतु चांगला. परंतु दहा दिवसांच्या अर्भकास श्वासाकरितां तीच एक हवा असते. धुरीनें बुरशी मरत नाहीं, कोंवळ्या छातीवर मात्र धुराचा भार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथ काढला. ओल्या, बुरसटलेल्या घरांत राहणाऱ्यांस खोकला, श्वासाचे विकार आणि दम्याचा जोर अधिक आढळतो असें त्यांत म्हटलें आहे. किती बुरशी चालेल याचा आंकडा त्यांनीं दिला नाहीं. ओलच नको, एवढें सांगितलें.

इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं डिसेंबर २०२० मध्यें दोन वर्षांचें एक मूल श्वासाच्या विकारानें दगावलें. घरांतील बुरशी हेंच त्याचें कारण, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्यें मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें दिला. चौकशींत निघालें तें असें, कीं बापानें २०१७ सालींच बुरशीची तक्रार केली होती, आणि त्यावर रंग मारा असें त्यास सांगण्यांत आलें होतें. पुढें त्या मुलाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०२३ मध्यें तेथील पार्लमेंटनें केला. आमच्या घरांत भाडेकरू आणि मालक असा भेद नाहीं; सर्व आपलींच माणसें आहेत. तान्ह्या मुलाची खोली घरांतील सर्वांत कोरडी असावी, आणि ती कर्त्या पुरुषाची असेल तर त्यानें आपला पलंग हलवावा. सासूबाईंनीं हें मनावर घेतलें, तर कोणी कर्ता पुरुष नाहीं म्हणेल असें आम्हांस वाटत नाहीं.

याउलट एक भीति अनाठायीं आहे, तीही सांगितली पाहिजे. सन २०२१ च्या साथींत ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचला, आणि तेव्हांपासून भिंतीवरील काळा डाग पाहून कित्येकांच्या पोटांत गोळा येतो. तो रोग म्युकर जातीच्या बुरशीचा. ती मातींत, कुजलेल्या पाल्यांत असते. आणि तो मुख्यतः अनावर मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड औषधें घेतलेल्या रुग्णांस जडला. काळेपणा रोग्याच्या मेलेल्या मांसाचा, बुरशीच्या रंगाचा नव्हे. भिंतीवरील काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. मात्र नुकताच मोठ्या दुखण्यांतून उठलेला माणूस घरीं असेल, तर त्यास बुरसटलेल्या खोलींत ठेवूं नये आणि बुरशी झाडण्याच्या कामास तर मुळींच लावूं नये.

तें काम कसें करावें? पाण्याची वाट बंद झाल्यावर, त्याआधीं नाहीं. कोरड्या झाडूनें बुरशी झाडणें हा सर्वांत वाईट मार्ग; त्यानें बीजाणू घरभर उधळतात. नाकातोंडास चांगला मास्क, हातांस रबरी मोजे, खिडकी उघडी, खोलीचें आंतलें दार बंद. डागावर प्रथम साबणाचें पाणी शिंपडावें, मग ब्रशानें घासून ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें, फडकें फेकून द्यावें आणि पंखा लावून भिंत खडखडीत वाळवावी. फरशी, कांच, रंगविलेलें लाकूड यांस एवढें पुरतें. गिलावा भुसभुशीत होऊन बुरशी आंत शिरली असेल, तर तेवढा गिलावा खरवडून नवा करण्यावांचून गति नाहीं. भिजून बुरसटलेली कापसाची गादी मोहानें ठेवूं नये. डाग तीन फूट लांब-रुंद चौकोनाहून मोठा असेल तर घरच्या माणसांनीं हात घालूं नये, जाणता माणूस बोलवावा.

ब्लीचिंग पावडरीविषयीं विचारणा होते. ती फरशीवर चालते. गिलाव्याच्या आंत ती पोहोंचत नाहीं, वरचा रंग मात्र उडवते, म्हणून काम झाल्यासारखें दिसतें. मेलेली बुरशीही नाकांत गेली तर शिंका आणि दमा आणतेच. तेव्हां मारण्यापेक्षां पुसून काढणें महत्त्वाचें. आणि एक गोष्ट मोलकरणीस व मुलींस बजावून सांगावी: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचें आम्ल हीं दोन कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरिन वायु सुटतो, आणि लहानशा न्हाणीघरांत तो प्राणावर बेततो.

रंग द्यावयाचा तो होळीनंतर, चैत्र-वैशाखांत. सणापूर्वीं रंग हवा ही हौस आम्हांस समजते, परंतु भाद्रपदांत भिंत वर्षांतील सर्वांत ओली असते. त्या वेळीं दिलेला तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग म्हणजे ओल्या अंगावर रबरी अंगरखा. फुगे येतात, पापुद्रे सुटतात. मागच्या खोल्या आणि न्हाणी यांस अजूनही चुन्याची सफेदी सर्वांत उत्तम. ताजा चुना तीव्र अल्क असतो, त्यावर बुरशीस बसवत नाहीं, आणि भिंतींतील वाफ त्यांतून बाहेर जाते. हवेंतील कर्बवायूनें हा तिखटपणा हळूहळू जातो, म्हणून हात दरसाल द्यावा लागतो. सफेदी अंगाला लागूं नये म्हणून तींत खळ घालण्याची चाल आहे. ओल्या खोलींत ती घालूं नये, ती बुरशीची शिदोरी होते.

भिंतीवरची बुरशी पाहून घाबरणारी गृहिणी भुईमुगाच्या शेंगांतील काळा, सुरकुतलेला दाणा मात्र सहज कुटांत घालते. येथें आमचा आग्रह अधिक आहे. सन १९७४ मध्यें राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागांत पावसांत भिजून बुरसटलेला मका खाऊन ३९७ माणसें यकृताच्या विकारानें आजारी पडलीं आणि त्यांपैकीं १०६ दगावलीं. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भाजल्यानें, शिजविल्यानें तें पुरतें जात नाहीं. म्हणून वाईट दाणे निवडून टाकणें हाच उपाय, आणि ते गुरांसही घालूं नयेत, कारण तें विष दुधांत उतरतें. पेनिसिलिन बुरशीपासूनच निघालें, ही गोष्ट खरी. परंतु त्यावरून लोणच्यावरचा बुरा बोटानें बाजूस सारून खालचें वाढावयाचें, हा न्याय निघत नाहीं. लोणच्यावर तेलाचा थर बोटभर पाहिजे आणि बरणींत ओला चमचा जातां कामा नये. हें आमच्याहून वाचकभगिनींस अधिक ठाऊक आहे.

पुस्तकांचा विषय आम्हांस जवळचा, तेव्हां थोडें लांबेल. हस्तलिखित पोथीच्या शेवटीं लेखनिक पोथीस पाणी, तेल आणि सैल बांधणी यांपासून राखावें अशी विनंति लिहीत.  १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां कित्येक घरांतील पिढ्यांचे ग्रंथसंग्रह चिखलांत गेले. भिजलेलें पुस्तक कडक उन्हांत टाकूं नये. पाठ वांकते, पानें चिकटतात. सावलींत, पंख्याखालीं, पंखा पसरावा तसें उभें ठेवावें, पानांत कोरे कागद घालून ते बदलत राहावें, आणि चिकटलेलीं पानें ओढूं नयेत. पुष्कळ पुस्तकें एकदम भिजलीं आणि हात थोडे असले, तर तीं पिशवींत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावीं. बुरशीची वाढ थांबते, मग एकेक सवडीनें वाळवितां येतें. कोरडी झालेली बुरशी घराबाहेर नेऊन मऊ कुंचल्यानें झाडावी. जुने जिल्दगर खळींत मोरचूद घालीत, तें याकरितांच. तांब्याचें विष बुरशीस सोसत नाहीं, आणि द्राक्षांवर फवारण्याचें बोर्डो मिश्रण चुना व मोरचूद यांचेंच असतें. कपाटांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची चाल चांगली, पण ती किड्यांकरितां. बुरशी वेखंडाच्या वासास भीत नाहीं.

तेंच पैठण्या आणि शालूंचें. डांबराच्या गोळ्यांनीं कसर टळते, बुरा टळत नाहीं. पावसाळ्यांत ट्रंक उघडूं नये; आश्विनांत हवा कोरडी झाली, कीं एखाद्या दुपारीं सर्व वस्त्रें बाहेर काढून सावलींत पसरावीं, पूर्वींच्या घड्या मोडून नव्या घालाव्या, सुती फडक्यांत गुंडाळावीं, आणि ट्रंक भिंतीपासून हातभर पुढें, दोन विटांवर ठेवावी.